सफाई खाते कोणाकडे?

१

दलित आत्मकथनांतील शाळेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्गाच्या दाराशी बसलेला मुलगा, वरून ओंजळीत सोडलेले पाणी, लांबून फेकून मारलेली छडी, शिष्यवृत्तीच्या कागदावर सही घेताना मास्तरांनी मारलेला टोमणा, हे सारे आता समीक्षकांच्याच नव्हे, तर एम. ए. च्या परीक्षार्थींच्याही तोंडपाठ झाले आहे. त्यावर प्रबंध झाले, परिसंवाद झाले. ते व्हायलाच हवे होते. तथापि या सगळ्या लेखनातून एक गोष्ट सुटली आहे असे मला वाटते. शाळा म्हणजे वर्ग, एवढेच आपण धरून चाललो.

शाळा वर्गात संपत नाही. सकाळचा परिपाठ, वर्गप्रतिनिधीची निवड, शालेय मंत्रिमंडळ, शिक्षकदिनाचे स्वयंशासन, वक्तृत्वस्पर्धा, हस्तलिखित, सहल, कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलन हीही शाळाच असते. शिक्षणखात्याच्या भाषेत यांना सहशालेय उपक्रम म्हणतात. मुलाला विचाराल तर तो म्हणेल, खरी शाळा हीच. चाळीस वर्षांनंतर भूमितीचे प्रमेय आठवत नाही. गॅदरिंगमध्ये आपण कोण झालो होतो ते आठवते.

माझे म्हणणे असे आहे : वर्गापेक्षा या वर्गाबाहेरच्या शाळेत जातिव्यवस्था अधिक निर्धास्तपणे वावरते. वर्गात निदान क्रमिक पुस्तक आहे, परीक्षा आहे. शालान्त परीक्षेच्या पेपरवर नाव नसते, आसन क्रमांक असतो. पेपर तपासणाऱ्याला मुलाचे आडनाव कळत नाही. गॅदरिंगला आसन क्रमांक नसतो. तेथे आवाज, रूप, उच्चार, घरचे वळण, ‘आवड’ आणि ‘अंगचा गुण’ यांवर मुले निवडली जातात. निवडणाऱ्याला आपण जात पाहिली असे वाटतही नाही. जातीने दिलेली गोष्ट येथे गुणाचे नाव घेऊन येते. म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. छडीची तक्रार करता येते. नाटकात राजाची भूमिका मिळाली नाही, याची तक्रार कोणत्या खात्याकडे करायची?

२

१९७२ च्या दुष्काळात मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी हायस्कूलात आठवीत होतो. आईवडील रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरी मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या वर्षी आमच्या शाळेत प्रथमच मंत्रिमंडळ स्थापन झाले. नागरिकशास्त्राच्या सरांनी सर्वांना एकत्र बसवून लोकशाही म्हणजे काय ते समजावून सांगितले. राज्यघटनेचे शिल्पकार कोण, हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. मी उत्तर दिले. मग मतदान झाले.

मतदान म्हणजे काय, तर फळ्यावर नावे लिहिली आणि हात वर करायला सांगितले. मुख्यमंत्रिपदासाठी पाटलांचा मुलगा उभा होता. आमच्या वस्तीतली आम्ही सात मुले शाळेत होतो. सातांच्याही घरची माणसे एरवी पाटलांच्या मळ्यात कामाला जात. तो मुलगा समोर उभा राहून हात मोजत होता. सातही हात वर गेले. त्यात माझाही होता. गुप्त मतदान ही केवळ निवडणुकीतली सोय नाही, ती गरिबाची ढाल आहे, हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही. त्या वर गेलेल्या हाताने शिकवले.

पुढे खातेवाटप झाले. शिक्षणखाते पहिल्या नंबरच्या मुलाकडे गेले. तो मास्तरांचाच पुतण्या. अर्थखाते किराणा दुकानदाराच्या मुलाकडे. हिशेब याच्या रक्तातच आहे, असे सर हसत म्हणाले. सांस्कृतिक खाते गाणाऱ्या मुलीकडे. तिच्या घरी पेटी होती. पाण्याच्या हौदाचे आणि माठांचे खाते एका बागायतदाराच्या मुलाकडे गेले. ते आम्हांला मिळणे शक्यच नव्हते आणि आम्ही मागितलेही नाही. शेवटी सरांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “हा आपला सफाईमंत्री.” सर्वांनी टाळ्या वाजवल्या. यासाठी हातही वर करायला सांगितले नाहीत.

खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. पुठ्ठ्याचा बिल्ला मिळाला होता. तो लावून मी घरी गेलो आणि मंत्री झाल्याचे मायला सांगितले. ती दिवसभर खडी फोडून आली होती. तिने बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, “मंतरी झालास म्हंतुस, मंग झाडू कुनाच्या हातात हाय?” मी म्हणालो, “माझ्याच.” ती काही बोलली नाही. मला मात्र तिचा राग आला. अक्षर न शिकलेल्या त्या बाईने एका प्रश्नात जे पाहिले, ते पाहायला मला पुढे पंधरा-वीस वर्षे लागली.

शिक्षणमंत्री शिकवत नव्हता. अर्थमंत्री पदरचे पैसे घालत नव्हता. पाण्याचा मंत्रीसुद्धा घागरी वाहत नव्हता. तो दुसऱ्यांकडून हौद भरून घेत होता. मंत्री म्हणजे काम करवून घेणारा, हा नियम सर्व खात्यांना लागू होता. एकट्या सफाई खात्यात मंत्री आणि झाडणारा एकच होता. खातेवाटप म्हणून जे झाले, ते गावाच्या कामांचे वाटपच होते. त्याला फक्त मुंबईच्या सचिवालयातली नावे दिली होती.

शिक्षकदिनी स्वयंशासन असे. मुलेच मुख्याध्यापक, मुलेच शिक्षक, मुलेच शिपाई. मी शिपाई झालो. घंटा वाजवायला मिळाली म्हणून त्याही दिवशी मी खूश होतो. हे मुद्दाम नोंदवतो. अपमान झाला आणि आपण पेटून उठलो, असे आपण आत्मकथनांत लिहितो. पुष्कळदा तसे होत नाही. पुष्कळदा अपमानाला आपण बक्षीस समजतो आणि ते छातीवर लावून घरी जातो. व्यवस्था टिकते ती या आनंदावर. आपल्या साहित्याने वेदना आणि नकार यांचे चित्रण समर्थपणे केले. या आनंदाचे चित्रण अजून पुरेसे झालेले नाही.

आमचे सर दुष्ट नव्हते. माझी परीक्षेची फी त्यांनी एकदा स्वतःच्या खिशातून भरली होती. म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. दुष्ट माणसाने केलेला अन्याय ओळखता येतो. चांगल्या माणसाने सवयीने केलेली वाटणी ओळखायला समीक्षा लागते.

३

स्नेहसंमेलन ही मराठी मध्यमवर्गाची लाडकी आठवण आहे. मी तिच्याकडे एक संहिता म्हणून पाहतो. रंगमंचावर कोण, पडद्याच्या दोरीवर कोण, बाके वाहणारे कोण आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर कोण, एवढे लिहून काढले तरी गावाचा नकाशा तयार होतो. आमच्या शाळेत स्वागतगीताला गोऱ्या मुली लागत. ऐतिहासिक नाटकात राजा आणि सरदार ठरलेले असत. आमच्या वाट्याला भालदार, राक्षस, नाहीतर दरोडेखोर. मातंग वस्तीतला एक मुलगा हलगी अप्रतिम वाजवी. मिरवणुकीत तो सर्वांत पुढे असे आणि बक्षीससमारंभात कोठेच नसे. त्याचे वाजवणे कोणाला कला वाटलेच नाही, ते त्याच्या जातीचे काम वाटले. पेटी वाजवणाऱ्या मुलीला मात्र चांदीचा पेला मिळाला. वाद्य वाजवण्याचा एकच गुण एका घरात कला होतो आणि दुसऱ्या घरात बलुते होतो.

संमेलनात ‘फिशपाँड’ नावाचा कार्यक्रम असे. जुने लोक त्याला शेलापागोटे म्हणत. निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, त्या माइकवर वाचायच्या आणि सर्वांनी हसायचे. मराठी समीक्षेने या प्रकाराची वाङ्मयीन दखल कधी घेतली नाही. घ्यायला हवी होती. कारण गावाच्या मनात काय आहे ते या निनावी वाङ्मयात उघड होते. नववीत असताना माझ्या नावाने चिठ्ठी निघाली, “सरकारच्या जावयास सप्रेम भेट, एक घड्याळ.” शिष्यवृत्तीचे पैसे त्याच आठवड्यात आले होते. सगळे हसले. मीही हसलो. विनोदात हसला नाही तर तो खिलाडूवृत्तीचा नाही असे ठरते. ज्याचा अपमान झाला त्यानेच हसून त्यावर सही करायची, ही या वाङ्मयप्रकाराची अट आहे.

वक्तृत्वस्पर्धेचे तसेच. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक वारले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. माझ्या शाळेच्या काळात १ ऑगस्ट म्हणजे फक्त टिळक पुण्यतिथी. शेंगांची टरफले दरसाल तीच आणि टाळ्याही त्याच. आज बहुतेक शाळांत दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून त्यांना हार घातले जातात. हा बदल लहान नाही. चळवळीने तो मिळवला आहे. परंतु त्या दिवशी कोण कोणावर बोलतो ते पाहावे. टिळकांवर कोणीही बोलतो. अण्णा भाऊंवर बोलायला मातंग मुलाला उभे करतात, १४ एप्रिलला बौद्ध मुलाला. टिळक सर्वांचे आणि आंबेडकर ‘तुमचे’. प्रतिमा शेजारी आल्या, श्रोते शेजारी आलेले नाहीत. ज्या शाळेत देशमुखांची मुलगी अण्णा भाऊंवर मन लावून बोलेल आणि पारध्याचा मुलगा टिळकांवर टीकेसह बोलेल, त्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा झाली असे मी म्हणेन.

४

आता साहित्याकडे वळतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ साली आलेली कादंबरी मला आवडते. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाचे मन तिच्यात खरे उतरले आहे. मुले शाळेला कंटाळतात, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात, मास्तरांची टिंगल करतात. हे वाचताना मला सारखे वाटत राहिले की, ज्याला शाळा वारशाने मिळाली आहे त्यालाच तिचा कंटाळा करता येतो. आम्हांला ती चैन नव्हती. आम्ही शाळेत उपरे होतो. पाहुणा घराला नावे ठेवत नाही. हा त्या कादंबरीचा दोष नव्हे, ती तिच्या अनुभवविश्वाशी प्रामाणिक आहे. दोष त्या समीक्षेचा, जी या शाळेला सगळ्या महाराष्ट्राची शाळा समजते आणि आपल्या आठवणींना सार्वत्रिक ठरवून मोकळी होते.

याच्या वीस वर्षे आधी, १९८४ साली, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच सहल येते. वर्ग नव्हे, सहल. गावाबाहेर, रानात, मोकळ्या आभाळाखाली. तेथे भिंती नाहीत, बाके नाहीत, उंबरा नाही. तरीही जेवायला सवर्ण मुले एका झाडाखाली बसतात आणि महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. उरलेले अन्न या झाडाकडून त्या झाडाकडे येते. मुलगा घरी जातो तेव्हा भुकेली आई त्याला विचारते की, त्यातले थोडे माझ्यासाठी का आणले नाहीस. नंतर शाळेत मास्तर सांगतात, सहलीवर निबंध लिहा.

या प्रसंगावर भुकेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. मला तो निबंध महत्त्वाचा वाटतो. सहलीवरच्या निबंधाची भाषा ठरलेली असते. निसर्ग, पक्षी, आनंद, एकत्र जेवण, न विसरता येणारा दिवस. त्या भाषेत दोन झाडांना जागा नाही. मुलाला लेखणी सुचत नाही ती तो अडाणी आहे म्हणून नव्हे, तर शाळेने दिलेल्या निबंधात त्याचा अनुभव बसत नाही म्हणून. सहल ही सर्वांची, निबंध सर्वांना एकच आणि झाडे मात्र दोन. दलित आत्मकथन हे सगळेच त्या न लिहिलेल्या निबंधाचे उशिरा लिहिलेले उत्तर आहे, असे मला म्हणावेसे वाटते. आणि त्याचा उगम वर्गात नसून सहलीत आहे, याकडे आपण लक्ष दिलेले नाही.

नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ चित्रपटात हेच सूत्र पुढे जाते. जब्याला जत्रेत नाचायचे आहे, सर्वांसारखे, आवडत्या मुलीच्या डोळ्यांसमोर. त्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते. उजेड त्याने धरायचा आणि नाचायचे इतरांनी. पुढे डुक्कर पकडत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. मेलेले डुक्कर वाहून नेताना वाटेत शाळेची भिंत लागते. तिच्यावर बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र आहे. राष्ट्रगीताला उभे राहणे हा परिपाठाचा भाग, चित्रे हा शाळेच्या सुशोभनाचा भाग. दोन्ही आपल्या जागी नीट आहेत. मधून मुलगा डुक्कर घेऊन चालला आहे. शालेय उपक्रमांवर मराठीत झालेली ही सर्वांत कठोर टीका आहे.

५

कोणी म्हणेल, आठवी-नववीच्या पोरांच्या खेळाला एवढे गांभीर्य कशाला? त्याला माझे उत्तर बाबासाहेबांकडून येते.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी दोन हक्कांवर भर दिला होता : प्रतिनिधित्वाचा हक्क आणि शासनात पद मिळण्याचा हक्क. पुढे ते केंद्रीय मंत्रिमंडळात गेले आणि १९५१ साली बाहेर पडले. हिंदू कोड बिलाचे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, तिची चर्चा कमी होते. कायदेखाते तेवढे आपल्याला दिले. नियोजनासारख्या खात्याची अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांतून आपल्याला वगळले गेले, अशी त्यांची तक्रार होती. मंत्रिपद मिळणे आणि सत्ता मिळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर खात्यात असते, हे त्यांनी अधिकृतपणे लिहून ठेवले. ज्याने घटनेचा मसुदा सिद्ध केला त्यालाही खात्याचा प्रश्न सुटला नाही. म्हणून आठवीतल्या मुलाला कोणते खाते मिळाले हा प्रश्न मी पोरकट समजत नाही.

घटनासमितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी सांगितले होते की, घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. ती शिकायची कोठे? पंचवीस-तीस वर्षांच्या आमदाराने विधानसभेत? ती शिकण्याचे वय शाळेचे आहे. बाबासाहेबांना हे कळत होते. त्यांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरे आणि १९५० साली ते स्वतः त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाच्या संसदेत जे विधेयक अडवले जात होते, ते त्यांनी विद्यार्थ्यांच्या संसदेत नेले. मुलांच्या संसदेला त्यांनी लुटुपुटीचा विषय दिला नाही.

पुढे मी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेलो. तेथल्या जुन्या लोकांकडून ‘युगयात्रा’ची हकीकत ऐकली. प्रा. म. भि. चिटणीसांचे हे नाटक १९५० च्या दशकात मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले आणि ते खुद्द बाबासाहेबांनी पाहिले. अस्पृश्यांच्या हजारो वर्षांच्या प्रवासाचे ते नाटक. म्हणजे पुढे ज्याला दलित रंगभूमी म्हटले गेले, तिची सुरुवात महाविद्यालयाच्या रंगमंचावर झाली. संहिता आपली, नट आपले, प्रेक्षकांत आपली माणसे. तेथे राक्षस कोण व्हायचे हे दुसऱ्याने ठरवले नाही. संमेलन हे नुसते करमणुकीचे साधन आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले ते आपण भोगले आहे. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थी होते. त्यांतल्या कित्येकांनी आमच्यासारख्याच शाळांत मंत्रिमंडळ मंत्रिमंडळ खेळलेले होते, ठराव मांडून टाळ्या घेतलेल्या होत्या. खऱ्या विधिमंडळाचा खरा ठराव मात्र त्यांना मानवला नाही. कारण शाळेच्या मंत्रिमंडळात त्यांनी ठराव करायला शिकले, पण आपल्या विरुद्ध गेलेला ठराव पाळायला शिकले नव्हते. तेथे त्यांच्या विरुद्ध कधी काही जातच नव्हते.

६

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका थांबवल्या आणि गुणांवर आधारित नेमणुकीची पद्धत आणली. वर्गात पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी. निवडणुकांत मारामाऱ्या होत होत्या, खून पडत होते, हे खरे. पण त्यावरचा उपाय असा की, मतदारच नाहीसा केला. गुणवत्तेने प्रतिनिधी निवडायचा म्हणजे मते मोजायची नाहीत, गुण मोजायचे. मग सार्वत्रिक मतदानाला तरी अर्थ काय उरला? २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. हायस्कूलात मात्र मॉनिटर ‘हुशार आणि शिस्तीचा’ पाहून नेमण्याची जुनी पद्धत अजून मुक्कामाला आहे. लोकशाहीचे पहिले दर्शन मुलाला नेमणुकीच्या रूपात होते.

सरकारी कार्यक्रम वाढले आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद रजिस्टरला १९१४ क्रमांकावर झाली. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. २०२० पासून परिपाठात घटनेच्या उद्देशिकेचे वाचन सुरू झाले. मी याचे स्वागत करतो. पण उद्देशिका म्हणणे ही कवायत होऊ शकते. दर्जाची आणि संधीची समानता तोंडाने म्हणून झाल्यावर त्याच मैदानाचा कचरा कोणी उचलायचा, याची यादी जर जुनीच असेल तर मुले त्या दोहोंतून यादीच शिकतील. मुले ऐकलेले विसरतात, केलेले विसरत नाहीत.

येथवर मी इतरांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलतो, नाहीतर हा लेख अप्रामाणिक ठरेल.

१९८४ साली मी एका हायस्कूलात शिक्षक झालो. काही वर्षांनी विद्यार्थी मंडळाचे काम माझ्याकडे आले. मी आनंदाने घेतले. गुप्त मतदान सुरू केले, खोक्याची मतपेटी केली. एका बौद्ध मजुराची मुलगी मुख्यमंत्री झाली. मला वाटले, माझ्या मायच्या प्रश्नाला मी उत्तर दिले. खातेवाटप मी केले. सफाई खाते गावाबाहेर पालात राहणाऱ्या एका पारधी मुलाला दिले. का दिले? तो काटक होता, कामाला नाही म्हणत नव्हता. नेमक्या याच कारणांनी ते पूर्वी मला मिळाले होते, हे माझ्या लक्षातही आले नाही. तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मला वाचनालय द्या ना. मला वाचता येतं.” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. गावात चोरी झाली होती; पालावर पोलीस आले आणि पाल उठले.

मी ज्या शिडीवर उभा होतो तिच्या माझ्या खालच्या पायरीवर कोण आहे, ते मला दिसले नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला चढत्या भाजणीची विषमता म्हटले ते याचसाठी. आपण वर पाहून विद्रोह करतो आणि खाली पाहून खातेवाटप करतो. आपल्या चळवळीत, आपल्या संस्थांत, आपल्या संमेलनांतसुद्धा सतरंज्या कोण घालतो आणि बायका स्वयंपाकघरात किती असतात, हा प्रश्न याच जातीचा आहे.

त्यानंतर मी पद्धत बदलली. खाती चिठ्ठ्या टाकून आणि महिन्या-महिन्याने फिरती केली. सफाई खात्याच्या मंत्र्याने झाडायचे नाही, झाडण्याच्या पाळ्या लावायच्या आणि त्या पाळ्यांत मुख्यमंत्र्याचे आणि माझेही नाव घालायचे, असा नियम केला. वाचनालयाची किल्ली शिक्षकांच्या खोलीतून काढून मुलांकडे दिली. ठरावाची वही ठेवली. ठरावाला मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचे असे ठरले. काही पालक भांडायला आले. आमच्या मुलाला झाडायला लावता काय, असे एकाने विचारले. मी म्हणालो, इतकी वर्षे कोणाचा तरी मुलगा झाडतच होता, तेव्हा कोणी विचारायला आले नाही. फिशपाँड बंद करा म्हणून मी सांगितले नाही. चिठ्ठीखाली नाव लिहायचे एवढा नियम केला. दोन वर्षांत चिठ्ठ्याच येईनाशा झाल्या.

यातून क्रांती झाली असे मी म्हणत नाही. ठरावाच्या वहीतला पहिला ठराव मुलींचा होता. त्यांच्या मुतारीला कुलूप असे आणि किल्ली शिक्षकांच्या खोलीत. किल्ली मागायला लाज वाटे म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नसत. ठरावाला उत्तर द्यावे लागले आणि कुलूप निघाले. शाळेच्या मंत्रिमंडळाने माझ्या हयातीत केलेले हे सर्वांत मोठे काम. भाषणे पुष्कळ झाली, ती मला आठवत नाहीत.

आता मी निवृत्त झालो आहे. जून आला की शाळा भरतात आणि जुलैत मंत्रिमंडळे स्थापन होतात. शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, आपल्या गावच्या शाळेत जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. मत गुप्त घेतले काय? ठरावाला उत्तर द्यावे लागते काय? आणि सफाई खाते कोणाकडे आहे, व झाडू कोणाच्या हातात आहे? तिसऱ्या प्रश्नाला जे उत्तर मिळेल त्यावरून त्या गावात घटना कोठवर पोचली ते कळेल. विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगतो : बिल्ला मिळाला म्हणजे घरी जाऊन दाखवावा, आणि आई काय विचारते ते नीट ऐकावे.